तांब्याभर म्हणजे किती

फाटा मागे पडून तास झाला तरी वच्छलाबाईंच्या पिशवीतला खणखणाट काही थांबेना. आत एक मोठा तांब्या, एक छोटा, आणि वर दूध सोसायटीचं लिटरचं माप. ज्या पाण्याच्या टँकरवर बसून जायचं तो कालपासून बिघडलेला, म्हणून आरोग्य केंद्राच्या बैठकीला दोघी पायीच निघाल्या होत्या.

"वच्छलाबाई, लोकांना वाटेल बोहारीण आली," उपकेंद्राच्या नर्स सत्यभामा सिस्टर म्हणाल्या.

"मग काढा की एखादी जुनी साडी! तुमाला मोठा तांब्या देते."

"आणि हे माप? सोसायटीच्या आप्पांनी दिलं कसं?"

"म्हनले, दूध हाय का मोजाया? ने आन् पुरून टाक!"

सिस्टर हसल्या, पण मनातून त्यांना हे जाणं पटलेलं नव्हतं.

वच्छलाबाई गावच्या आशा कार्यकर्त्या. चार वर्षांपूर्वीपर्यंत नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात. हे काम मिळालं तेव्हा त्यांनी आपला कोयता आढ्याला खोचला तो खोचलाच. दोन हजार तेराच्या दुष्काळाच्या याच उन्हाळ्यात, बैठकीच्या काही दिवस आधी, गावातल्या छबुबाईच्या दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागले. वच्छलाबाईंनी ओआरएसची पुडी दिली आणि सांगितलं, "पानी उकळून गार कर, तांब्याभर घे, आन् पुडी कालवून घोट घोट पाज." छबुबाईनं अगदी तसंच केलं.

पण त्या वर्षी घरोघरचे मोठे तांबे फळीवर चढले होते. आल्यागेल्यानं उष्टं पाणी मागं ठेवू नये म्हणून लोक लहान तांब्यातच पाणी देत. पुडी लिटरभराची, पाणी त्याच्या निम्मं. संध्याकाळी वच्छलाबाई बघायला गेल्या, तर पोर पाण्यासाठी आकांत करत होतं, अंगाला हात लावू देईना. त्यांनी तांब्यातलं बोटानं चाखलं. पापडखाराचं पाणी बरं, इतकं खारट! तशाच त्या मायलेकरांना टेंपोत घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. दोन दिवस सलाईन चाललं. तिसऱ्या दिवशी पोरगं दवाखान्याच्या आवारात कोंबडीमागं पळत होतं.

वाटेत मारुतीचं देऊळ लागलं. वच्छलाबाईंनी चपला काढल्या, तापल्या फरशीवर एक पाय उचलत दुसरा टेकवत हात जोडले आणि लगेच परत आल्या.

"काय मागितलं?"

"काय मागू? पोर माघारी दिलं की त्यानं. पाय भाजले म्हनून लवकर आटपलं."

सिस्टरांनी मग विषय काढलाच. "पोर बरं आहे. कागदावर नुसते जुलाब लिहिलेत. छबुबाई तुमच्या पाया पडते. कशाला आपण होऊन सांगताय?"

"मागच्या बैठकीत मोठे डॉक्टर म्हनलेच ना, चुकलं ते सांगा, शिक्षा न्हाई."

"म्हणाले. आणि तुम्ही चाळीसजणी पायाची बोटं बघत बसलात. एक तरी बोलली का? उद्या कामावरून काढलं म्हणजे?"

वच्छलाबाईंनी वाजती पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"काढलं तर दसऱ्याला पुन्यांदा ऊसतोडीच्या मुकादमाच्या दारात. भ्या वाटतंय, सिस्टर, खोटं कशाला बोलू? रात्री कोयत्याकडं बघूनच झोपले. पर बाकीच्या आशा आजबी तांब्याभरच सांगत असतील. कुनाच्या घरी कुठला तांब्या, कुनाला ठावं?"

सिस्टरांची पावलं थांबली. तांब्याभर! प्रशिक्षणात हे शिकवलं कुणी? लिटर म्हटलं तर बायकांना कळायचं नाही म्हणून, फळ्यावर तांब्याचं चित्र काढून, त्यांनीच.

"अहो, तो तांब्या माझा आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"तांब्यातलं चाखलं, मला तवाच कळलं होतं," वच्छलाबाई हसू दाबत म्हणाल्या. "पर म्हनलं, साहेबीन हायेत, आपन कशाला बोला?"

"मग एवढा वेळ मला बोलू दिलंत!"

"चालायचंच होतं की. गप्पा नकोत का?"

केंद्राच्या आवारात लिंबाखाली दोघी टेकल्या. सिस्टरांनी चूक कळवायचा छापील कागद मांडीवर घेतला. "मी काय शिकवलं ते आधी लिहिते. तुमचं नाव नाही घातलं तरी चालतं, तसं खाली छापलंय."

"न्हाई, घाला. गावासकट घाला. नाव नसलं तर बाकीच्या आशा इचारायला येतील कुनाकडं? पर छबूचं नाव कुठं येऊ देऊ नका, तिनं सांगितलं तसंच केलं. आन् सिस्टर, कागद तुमीच लिहा. मी लिहाया बसले की माजा हात मलाच वाचवाया बघतोय."