सर बघ, टीम नको

मार्च महिना आला की आमच्या अमेरिकेतल्या ऑफिसात सगळ्यांना अचानक बास्केटबॉल कळायला लागतं. एरवी बॉल गोल असतो की चौकोनी याचीही खबर नसलेली माणसं कॉलेजांच्या स्पर्धेचा तक्ता भरतात. कोण कोणाला हरवणार आणि शेवटी चॅम्पियन कोण, हे सगळं आधीच ठरवून टाकायचं. मीही भरायचे. नागपूरला इंजिनीअरिंगला असताना मी कॉलेजच्या टीममध्ये होते, त्यामुळे आपल्याला यातलं चार माणसांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता. तो समज माझ्या सासऱ्यांनी एका संध्याकाळी उतरवला.

सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही त्यांना इकडे आमच्या गावी, अल्फारेटाला, घेऊन आलो होतो. सांगलीजवळच्या एका गावात ते शाळेत पी.टी.चे सर होते आणि जन्मभर त्यांनी मुलींना कबड्डी शिकवली. इथे मात्र ते दिवसभर खिडकीशी बसायचे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांच्या गाड्या जायच्या आणि यायच्या. जेवायला हाक मारली की यायचे, "छान झालंय" म्हणायचे आणि परत खिडकीशी. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, खेळाचं वावडं. मॅच लागली की पाच मिनिटांत त्याची मान सोफ्यावर कलंडते. तेव्हा एका संध्याकाळी मीच म्हटलं, "बाबा, मॅच बघायला बसता का?"

बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हा माणूस किती बोलतो! आवाज बंद कर की." मी कॉमेंटेटरला गप्प केलं. मी बॉल बघत होते आणि ते भलतीकडेच बघत होते. मधेच एक उंच मुलगा बाहेर येऊन बाकावर बसला, तर म्हणाले, "हा बाद झाला. आता याला जिवंत कधी करणार?"

कबड्डीत बाद झालेला खेळाडू समोरचा कोणी बाद झाला की परत आत येतो. इथेही तसंच असणार हे ते धरूनच चालले होते. मला हसू आवरेना. इथे तसा काही नियम नाही, कोचच्या मनात येईल तेव्हाच तो आत जाणार, असं मी सांगितलं, तसे ते सावरून बसले.

"म्हणजे सगळं सरांच्या हातात," ते म्हणाले. "मग टीम काय बघत बसलीस? सर बघ."

कोच हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. टीव्हीवरचे ते कोट्यवधी पगाराचे, लाल चेहऱ्याचे, पंचांवर खेकसणारे गृहस्थ त्यांच्या लेखी सगळे 'सर'. आणि सर ओळखायची त्यांची रीत ठरलेली होती. बाकावरच्या पोरांचे चेहरे बघायचे. आत खेळणारी पोरं काय, कुठल्याही सरांकडे जीव तोडून खेळतात, असं त्यांचं म्हणणं. बाहेर काढलेलं पोर ओरडतंय, टॉवेल फिरवतंय, आतल्याला पाणी द्यायला धावतंय, तर सर चांगले. आणि ते मान खाली घालून नखं बघत बसलं असेल तर त्या सरांनी कप उचलला तरी बाबा त्यांना मोजायला तयार नव्हते.

त्या वर्षी आम्ही एका छोट्या कॉलेजचे टकले, जाडसर सर निवडले. ऑफिसच्या तक्त्यात चॅम्पियन म्हणून मी त्यांचंच कॉलेज लिहिलं. मॅनेजरने दोनदा विचारलं, "आर यू शुअर?" मी छाती पुढे काढून हो म्हटलं. सर दुसऱ्याच मॅचला गारद झाले. ऑफिसात माझी यथेच्छ थट्टा झाली. घरी येऊन मी चिडचिड केली, तर बाबा शांतपणे शेंगा सोलत होते. "हरले म्हणून वाईट सर होतात काय? आमच्या पोरी काय कमी हरल्यात?"

पण त्या पराभवानंतर ते खिडकीशी बसायचे बंद झाले. मी कुठल्या जागेवर खेळायचे, उडी किती होती, डाव्या हाताने जमायचं का, अशा चौकशा सुरू झाल्या. आमच्या गल्लीच्या टोकाला शेजाऱ्यांनी बास्केट लावलेलं आहे. एका शनिवारी त्यांनी मला तिथे उभं केलं. मी पंजाबी ड्रेसवर बूट घातलेली, त्यांच्या डोक्याला मफलर. मी बॉल टाकायचा आणि त्यांनी धावत जाऊन आणून द्यायचा. एकही नीट पडेना. "गुडघे वाकव, गुडघे!" ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. नागपूरला आमच्या मॅचला माझ्या घरचं कोणी कधी आलं नव्हतं. मला त्या दिवशी इतकं बरं वाटलं की मी अंधार पडेपर्यंत बॉल टाकत राहिले.

सहा महिन्यांचा व्हिसा संपला आणि ते गेले. मग दर मार्चला आमचं फोनवर सुरू झालं. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली पहाट. शाळेच्या मैदानाच्या पायरीवर बसून, पोरी यायच्या आत, ते मोबाइलवर मॅच बघायचे आणि मी इथून. मधे एकदा आमचे टकले सर ते कॉलेज सोडून मोठ्या युनिव्हर्सिटीत गेल्याची बातमी आली. मी मोठ्या उत्साहाने फोन केला. बाबांनी विचारलं, "पोरांना आधी सांगितलं होतं का?" मला ते माहीत नव्हतं. इथे असंच चालतं बाबा, चांगली ऑफर आली की लोक जातात, असं मी म्हटलं. "होय, ते मला माहीत आहे," ते म्हणाले. माझा नवरा शेजारीच बसून ऐकत होता. तो उठून आत गेला.

नवरा इथला सिटिझन झाल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते बाबांच्या ग्रीन कार्डचं. खालची खोली रंगवून घेतली, बाथरूममध्ये धरायला दांडे लावले. मुंबईला इंटरव्ह्यू झाला, व्हिसा मिळाला. आता मेअखेरच्या आत त्यांनी इथे येऊन पोहोचायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. पण त्यांची निघायची तारीख काही ठरेना. आधी तालुक्याच्या स्पर्धा होत्या. मग जिल्ह्याच्या. मग एका पोरीचा गुडघा दुखावला. निवृत्त झाले तरी सकाळचं मैदान त्यांनी सोडलं नव्हतं, कारण त्यांच्या जागी शाळेने कोणी नेमलंच नव्हतं. "तूच विचार," नवरा मला म्हणायचा, "तुला नाही म्हणणार नाहीत." माझाही तसाच समज होता.

या मार्चला फोन लावला तर बाबा म्हणाले, "या वर्षी तू निवड. बघू शिकलीस का." मी आठवडाभर बाकं बघितली. नवऱ्याने मला वेड्यात काढलं. शेवटी एक पांढऱ्या केसांचे सर सापडले. हरायला आलेली मॅच, आणि त्यांच्या बाकावर एक पोर बसलेलं नव्हतं, सगळी उभी. मला इतका आनंद झाला की मी लगेच व्हिडिओ कॉल केला आणि बाबांना ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हे सर चॅम्पियन करतील," ते म्हणाले. "बरोबर निवडलंस. कुठले हे?"

"एका लहानशा गावातलं कॉलेज आहे. सुरुवातीपासून तिथेच आहेत."

"मोठ्या कॉलेजांनी बोलावलं नाही?"

"बोलावलं ना. दरवर्षी बातमी येते, हे आता जाणार म्हणून. जातच नाहीत."

बोलून गेले आणि मग माझ्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. फोनवर त्यांच्या मागे उजाडलं होतं. "सर, आम्ही आलो!" असं कोणीतरी लांबून ओरडलं. त्यांनी तिकडे हात केला.

"मी येत नाही गं," ते म्हणाले. "मी मैदानावर असतो म्हणून यांच्या आया यांना पाठवतात. मी नसलो तर दुसऱ्या दिवसापासून एक पोरगी दिसायची नाही, मागे तिकडे होतो तेव्हा तसंच झालं. एवढ्या वर्षांत दुसरं कोणी तयार केलं नाही मी. ती चूक माझी."

माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती. तुमचं बीपी, तिथलं एकट्याचं जेवण, रंगवलेली खोली, तुमचा मुलगा बोलत नाही पण वाट बघतो. पण ज्या कारणासाठी मी त्या पांढऱ्या केसांच्या सरांना चॅम्पियन ठरवलं होतं, त्याच कारणाने बाबा येणार नव्हते. आणि मला ते हवे होते. इथे, माझ्या शेजारी, शेंगा सोलत, माझ्यावर ओरडत. कप कोणीही नेवो. माझ्या मनात आलं ते मी सरळ बोलून टाकलं.

"बाबा, तुम्ही थोडे वाईट सर असता तर काय बिघडलं असतं?"

ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"तर केव्हाच आलो असतो," ते म्हणाले.