तपासणीआधीची गोळी

आईला उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ होऊ लागली, की धने-जिऱ्याचे पाणी आणि शेजारच्या काकूंकडच्या उरलेल्या गोळ्या, असा आमच्या घरातला क्रम असे. या वेळी गुण आला नाही. अंगात कणकण राहू लागली, तेव्हा मी तिला माजलगावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. लघवीत कोणते जंतू आहेत आणि ते कोणत्या औषधाला दाद देतात, हे पाहण्यासाठी त्यांनी तपासणी सांगितली.

अहवालात जंतू वाढलेच नव्हते.

"पास झाले की न्हाई?" आई म्हणाली. जळजळ मात्र कायम होती.

तपासणीआधी काही औषध घेतले होते का, असे बाईंनी विचारले. मी नाही म्हणालो. आईने पदर सावरला.

"घेतलं व्हतं की. काकूंची गोळी. परक्याच्या हाती तसली घाण लघवी कशी द्यायची? रिपोर्ट वंगाळ आला असता."

"आजी, वंगाळ आहे का तेच तर बघायचं होतं. जंतू मेले नाहीत, दबून बसलेत."

"अन् तुमच्या मशीनला सापडंनात व्हय?"

बाई हसल्या. मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितले, की अंदाजाने दिलेले औषध चुकले तर या वयात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. दोन दिवस सर्व गोळ्या बंद ठेवून पुन्हा नमुना द्यावा. मात्र हुडहुडी भरली तर तत्काळ यावे.

लघवी हा शब्द आईसमोर उच्चारणे मला आजही जड जाते. म्हणून त्या दोन दिवसांत मी केवळ थंडी वाजते का, एवढेच विचारत राहिलो.

"न्हाई वाजत. पर तुझ्या इचारण्यानं वाजंल," ती म्हणाली.

दुसऱ्या अहवालात जंतू आढळले. नेहमीची एकही गोळी त्यांच्यावर पुरती चालत नव्हती. चालणारे औषध केवळ इंजेक्शनातून मिळणारे होते. त्यासाठी रोज सकाळी दवाखान्यात जाणे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी जळजळ उतरली आणि उद्यापासून येणार नाही, असे आईने जाहीर केले.

"मधेच सोडलं तर उरलेले जंतू यालाही जुमानणार नाहीत, आजी."

"मंग दुसरं द्या की."

बाईंनी सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकली. "दुसरं फारसं काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठलो, तेव्हा ती लुगडे बदलून ओट्यावर बसली होती.