हिरवळीला ठिगळ

माझा मामा शिंपी. मापात सूतभर इकडचं तिकडे होऊ द्यायचा नाही, पण घरामागच्या हिरवळीकडे मामी असेपर्यंत त्याने ढुंकून पाहिलं नाही. हिरवळ मामीची, कुत्रीही मामीचीच. दोघींना तो "खायला काळ, भुईला भार" म्हणायचा, आणि कुत्रीला चेष्टेनं बाईसाहेब. मामी हसायची. संध्याकाळी गवतात खुर्ची टाकून बसायची. बाईसाहेब तिच्या पायाशी.

मामी गेली आणि मामाला त्या दोघींचा असा लळा लागला, की माझी आई भावाच्या तोंडावर म्हणाली, "मेल्या म्हशीला मणभर दूध!" मला आईचा राग आला. खरं बोलायलाही काळवेळ असते.

पुढच्या वर्षी हिरवळ पिवळी पडू लागली. ओढली की सतरंजीसारखी हातात यायची. खाली मुळं खाणाऱ्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या, हुमणी. त्यांचेच पुढे भुंगेरे होऊन संध्याकाळी गुलाबावर तुटून पडायचे. ताईनं, म्हणजे मामाच्या मुलीनं, दाणेदार औषधाचा डबा आणला.

"सगळं साफ होईल, बाबा. फक्त कुत्रीला तिकडे जाऊ देऊ नका."

"तिला दुसरीकडे झोप लागत नाही गं," मामा म्हणाला.

ते खरंच होतं. बाईसाहेब म्हाताऱ्या झालेल्या, डोळ्यांनी अधू, पण खुर्चीची जागा त्यांना बरोबर सापडायची. तिथेच लोळायच्या, गवत चघळायच्या, पंजे चाटायच्या. अळीसाठी टाकलेलं विष त्यांच्या पोटात जायला कितीसा उशीर? डबा कपाटात गेला, वर कुलूप.

मग मामाने धंद्यातली अक्कल चालवली. जुन्या चादरीचा मोठा गोल कापला, मधोमध भोक, एका बाजूने छेद. गुलाबाच्या बुंध्याभोवती झग्याच्या घेरासारखा पसरेल असा. दिवेलागणीला झुडूप हलवायचं, चादरीवर पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात झटकायचे आणि बादलीवर लगेच झाकण. बाईसाहेब पडलेले भुंगेरे मटकवायच्या आणि मग ओकत बसायच्या. म्हणून हलवण्याआधी रोज हाक, "बाईसाहेब, बाजूला व्हा!" त्या कण्हत उठायच्या, जरा सरकायच्या, पुन्हा बसायच्या. तोवर मामा फांदी धरून थांबायचा.

गवत गेलेल्या जागी तो माती उकरून ठेवायचा, पक्षी येऊन अळ्या टिपायचे. मग कुंपणाकडचं चांगलं गवत मातीसकट कापून, कापड बेतावं तसं बेतून तिथे बसवायचा. मी हसले, "मामा, हिरवळीला ठिगळ?"

"जोड दिसतोय का? नाही ना? मग झालं."

दिसत होता. चांगला ढळढळीत दिसत होता. एवढे कष्ट करून हिरवळ जेमतेम अर्धी वाचली. पण बाईसाहेबांच्या केसालाही धक्का लागला नाही.

यंदा ती म्हातारपणानं गेली. खुर्चीच्या जागी, झोपेतच. मामाने तिला तिथेच पुरलं आणि वर गवताचा तुकडा बसवला. तेवढा एक जोड मात्र खरंच दिसत नाही. मी शोधून पाहिला.

ताई भेटायला आली. मामाचं उतरलेलं तोंड बघून तिला काहीतरी करावंसं वाटलं असणार. तिने कपाटाचं कुलूप उघडून डबा काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. "बाबा, आता टाकायला हरकत नाही." मायेनंच बोलली बिचारी.

मामाने डबा उचलला, होता तिथे ठेवला आणि कुलूप लावलं. मग बादली घेऊन मागे गेला. आम्ही दोघी दारात उभ्या. त्याने गुलाबाभोवती चादर पसरली, फांदी धरली आणि म्हणाला, "बाईसाहेब, बाजूला व्हा."

आणि थांबला. ती उठेपर्यंत थांबायचा, तसाच. भुंगेरे पानं कुरतडत होते, आणि मामा फांदी धरून उभाच होता. शेवटी ताईनं जाऊन त्याची बोटं सोडवली.