धुतलेली बाटली

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासायला येतं आणि ते घेऊन येणाऱ्यांना माझी बोलणी खावी लागतात. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे मला मान्य आहे. पण या तेलात पाण्याचा थेंब चालत नाही. ते काचेच्या भांड्यात ओतून दोन धातूच्या गोळ्यांमध्ये विजेचा दाब वाढवत न्यायचा. चांगलं तेल दम धरतं, ओलसर तेलात लगेच ठिणगी पडते. आणि लोक बाटल्या पाण्यानं विसळून आणतात!

गोंडपिपरीकडच्या एका वीज उपकेंद्राचे ऑपरेटर गेली कित्येक वर्षं नमुना घेऊन यायचे. निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. मी त्यांना भाऊ म्हणायची. मला हा माणूस फार आवडायचा, तरी बोलणी त्यांनाही चुकली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ते आले. धान निसवायला लागला होता, लोंब्या बाहेर पडत होत्या, पाऊस पाठ फिरवून बसला होता आणि त्या भागातली शेतं मोटारपंपांच्या भरवशावर होती. नमुना नापास झाला तर तेल गाळून होईपर्यंत तीन-चार दिवस वीज बंद. भाऊ यंत्रासमोर हात बांधून उभे राहिले. दाब थोडा चढला न चढला, तोच ठिणगी पडली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"बाटली पाण्यानं धुतली ना भाऊ?" मी कडाडले. "किती वेळा सांगू? तेलाची बाटली त्याच तेलानं धुवायची!"

भाऊ म्हणाले, "हो बाई. धुतली. साबनबी लावला."

मी आणखी पाच मिनिटं बोलले. रिपोर्ट लिहिलाच नाही; कोरड्या बाटलीतून नवा नमुना आणायला सांगून त्यांना परत पाठवलं.

आठ दिवसांनी ते आले. बाटली कोरडी ठणठणीत. दाब चढवला आणि ठिणगी तिथेच पडली. म्हणजे तेलच खराब होतं. मला फार वाईट वाटलं. "भाऊ, आता नापास लिहावं लागेल," मी हळूच म्हणाले.

"लिवा बाई. तवाबी बाटली कोरडीच होती. मी नाई धुतली."

माझा आवाज चढला. "खोटं काऊन बोलले? ट्रान्सफॉर्मर जळला असता म्हणजे?"

"लोड कमी ठेवला होता. एका फीडरची गावं चालू, त दुसऱ्याची बंद. आठ दिवस तिथीच होतो मी, घरी नाई गेलो. लाइन गेली असती त सारा धान पोचट झाला असता. आता साऱ्या वावरांत पाणी फिरलं. आता करा बंद."

माझं माहेरही धानाचंच. निसवलेल्या धानाला पाण्याचा ताण पडला की काय होतं, ते मला कोणी शिकवायला नको होतं. तेवढ्यानं राग ओसरला; पण मला खुपलं ते वेगळंच.

"मग मले सांगायचं ना, भाऊ!"

भाऊ हसले. त्या हसण्यात तक्रार अजिबात नव्हती.

"कवा सांगू बाई? तुमीच बोलून राह्यल्या होत्या."