सातावर कोसरू नाही

माह्या सुनेच्या गिटारले चारच तारा आहेत. लग्न होऊन ती घरात आली आन् पहिल्यांदा ती लांबडी काळी पेटी उघडली, तवा मी तिले म्हटलं, "बाई, दुकानदारानं फसवलं तुले. गिटारले सहा तारा असतात, मी टीव्हीवर पाह्यल्या. जाय, बदलून आण." ती हसली नाही. हसली असती तर मले राग आला असता. "आई, ही बेस गिटार आहे. हिला चारच असतात," म्हणाली, गिटार लाइटवरच्या स्पीकरले जोडली आन् सगळ्यात जाडी तार छेडली. फळीवरच्या डब्यायची झाकणं थरथरली. मी म्हटलं, ठेव ते आत, माह्या डाळी सांडतीन.

तिचं नाव देवश्री. मी सोजरबाई, आदिलाबादच्या बाजारात भाजी विकते. आमचे हे, नागोराव, मळ्यात पिकवतात, मी विकते. पोरगा संतोष उटनूरकडे शाळेत मास्तर आहे आन् सून बँकेत. आता गणपतीपासून जो येते तो भाजी घ्यायच्या आधी विचारते, "सोजरबाई, तुमची सून ते काय वाजवते व?" वांगे तोलू का ते सांगत बसू? म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

ती मंचेरियलची. बाप कोळसा खाणीच्या ऑफिसात होता, घर रुळाच्या बाजूले. कोळशाची गाडी यायची तर आवाज कानात यायच्या आधी पायात यायचा, असं ती सांगते. लहानपणी फरशीवर पालथी पडून ती गाडीची वाट पाहे. मंग शिकायले बासरले गेली. तिथे वसतिगृहातल्या पोरीयनं मिळून बँड काढला. एकीले गायचं होतं, एकीले गिटार पाहिजे, एकीले ड्रम. बेस कोणालेच नको होता, कारण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. हिनं उरलेलं काम अंगावर घेतलं आन् त्याच्यातच जीव अडकला. बाकीच्या पोरी नोकऱ्या लागून हैदराबादले गेल्या, बँड मोडला. हिनं मात्र सोडलं नाही.

आमच्या घरी आली तरी रोज बँकेतून आली, चहा घेतला, की तासभर ते वाजवणं. मी भांडे आपटले. मी नागोरावले ऐकू जाईन असं बोलली की लोकायच्या सुना कशा असतात आन् माही कशी आहे. ती उलट बोलली नाही आन् थांबलीही नाही. वाजवून झालं की उठून कणीक मळे. असल्या माणसाशी भांडावं तरी कसं, तुमीच सांगा.

एक दिवस मी अंगणात मेथी निसत बसली होती. ती आली आन् काही न विचारता माह्या कानाले ते हेडफोन लावले. विदेशी गाणं. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात म्हणे त्याले. एक गाणं सुरू झालं ते माही मेथीची जुडी संपली तरी संपलं नाही. मधेच ठेका बदले, मधेच गाणारा गप्प होऊन जाये आन् नुसतीच वाजंत्री चाले. मी म्हटलं, "हे गाणं आहे का पंचायत? सगळेच एकदम बोलून राह्यले." ती म्हणाली, "वरचं सगळं सोडा, आई. खालचा जाड आवाज धरा. तो एकटाच काय करतो ते पाहा."

मी धरला. सुरुवातीले सापडे, मंग हरवे. जत्रेत आपल्या माणसाचा फेटा डोळ्यानं धरून चालावं तसं मी त्याच्यामागे चालली. आन् खरं सांगते, नवलच वाटलं. गिटारवाला वर नुसता कल्ला करे, पण घर सांभाळत होता तो खालचा. कुठे लंबा सूर धरून उभा राहे, कुठे ड्रमवाल्याले जागा देऊन चूप बसे, कुठे दोनच सुरात सगळ्यायले वळणावर आणे. त्याचं नाव कोणी घेत नसन. मले वाटलं, हा तर माह्यासारखाच आहे. मी हेडफोन काढले आन् म्हटलं, "बरं आहे." एवढंच म्हटलं. लय म्हटलं तर सुना डोक्यावर बसतात.

मंग तिनं स्वतःची एक धून बांधली. बँकेतला भार्गव तिच्यासंगं गिटार वाजवे आन् आमच्या नात्यातला पियुष ड्रम. गल्लीच्या गणपतीत आरतीनंतर ती धून वाजवायची असं ठरलं. धून सात मात्रांची. तीन, दोन आन् दोन. तिच्या मंचेरियलच्या घरामागे रुळाचा एक सांधा खचला होता, त्याच्यावरून गाडी जाये तवा ठोका असाच लंगडत येये, त्याचीच ही धून. संगीतवाल्यायचा सात मात्रांचा रूपक ताल आहे म्हणतात, पण आमच्या गल्लीत तो कोणी पाह्यला? आमच्या भजनात एकच ठेका, आठाचा, तोच माह्या सासूपासून चालू.

पियुषचं पहिल्यापासून बिनसलं. तो लग्नात वाजवणारा. "वहिनी, सातात पाय कुठे टाकायचा? लोक नाचतीन कसे?" म्हणे. गणपती तोंडावर आले आन् त्यानं अंग काढून घेतलं. तिकडून मंडळाचे अध्यक्ष उद्धवराव आमच्या घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, "सूनबाई, चारात करून टाका. पब्लिकले टाळी धरता आली पाहिजे. टाळी तुटली की मी डीजे लावीन, आन् मंग हे वाद्य पुन्हा आपल्या मांडवात नाही. मंडळाचाही मान असते."

संतोष तिची समजूत घालाले गेला. "एक मात्रा तर वाढवायची आहे, साताचे आठ, म्हणजे चार आन् चार. या वर्षी चारात वाजव, पुढच्या वर्षी पाहू."

"एक मात्रा वाढवली की ती आमच्या घरामागची गाडी राहत नाही," ती म्हणाली. "कोणाचीही होते. मी सातातच वाजवणार. डीजे लावायचा तर लावू द्या."

आवाज चढवला नाही, पण तिची मान ताठ होती. उद्धवराव कपबशी ठेवून हसले. "अव पण सूनबाई, ड्रमवाला कुठे आहे तुमच्याजवळ?"

ते हसणं माह्या डोक्यात गेलं. "ड्रमवाला नसन तर नसन," मी म्हटलं. "ढोलकी मी वाजवीन. भजनी मंडळात जिंदगी गेली माही." देवश्रीनं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी तिले आत्ताच भेटली.

बोलाले काय जाते? वाजवाले बसली तवा समजलं. ती सात झाले की परत एकवर, पहिल्या मात्रेवर, जाये आन् माहा हात आठवा ठोका टाकून मोकळा. "आई, आठवा कुठून आला?" "मले काय माहीत, हात टाकते." पुन्हा सुरू, पुन्हा आठवा. रोज संध्याकाळी हेच. मी चिडे, ढोलकी ढकलून देये, म्हणे तुह्या धूनीतच खोट आहे. ती म्हणे, "पुन्हा, आई." त्या पोरीचा धीर पाहून मलेच लाज वाटे आन् मी ढोलकी पुन्हा पुढे ओढे.

रविवारी ती बाजारात डबा घेऊन आली. मी मिरच्या तोलत होती. काटा बरोबर झाला, पिशवीत ओतल्या आन् गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न पाहता, चार मिरच्या आन् कोथिंबिरीची काडी वर टाकली. हा कोसरू. तेलुगू बायायचा शब्द, पण आमच्या बाजारात सगळेच म्हणतात. मापून झालं की वरचं थोडं द्यायचं, आन् मागायच्या आधी द्यायचं. मागून घेतलेल्या कोसरूले चव नसते, असं माही सासू सांगे.

देवश्री डबा हातात धरून किती वेळ पाहतच राह्यली. घरी आल्यावर म्हणाली, "आई, सापडलं. तुमचा हात कोसरू टाकतो. माप सातावर पुरं होतं, पण तुम्हाला ते रिकामं वाटतं."

"त्यात वाईट काय आहे?" मले झोंबलंच. "सासूनं दिलेला हात आहे हा. असाच कसा बंद करू?"

"बाजारात काहीच वाईट नाही. पण इथं मी सातावर पुढं गेलेली असते. तुम्ही आठवा टाकला की मी एकटी पडते." मंग माह्याजवळ खाली बसली. "बंद करू नका. मुठीत धरून ठेवा आणि पुढच्या एकवर द्या. सातावर कोसरू नाही."

त्या दिवसापासून मी हट्टालेच पेटली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की उलट्या क्रेटवर सात. भाकर थापताना सात. बाजूच्या गाळ्यावरचा देवाजी म्हणे, "सोजरबाई, लंगडं काऊन वाजवून राह्यल्या?" मी म्हटलं, "ते तसंच चालते, तुमी आपले कांदे पाहा." हात ऐकेना. मी दात खाऊन मूठ आवळे. गणपतीच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण धून पार पडली. देवश्रीनं फक्त मान हलवली, पण रात्री माह्या ताटात पोळीवर तुपाची धार जास्त होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली, आरती झाली. गल्ली भरून लोक. पुढच्या रांगेत माह्या भजनी मंडळातल्या शकुबाई आन् आशाबाई. उद्धवराव डीजेवाल्याच्या पाठीशी उभे, जसं त्याईले दुसरं कामच नव्हतं. आमी सुरू केलं. लोकायनं नेहमीसारखी चाराची टाळी धरली. पहिली फेरी जमली, दुसरीत टाळी आमच्या अंगावर येऊन पडली, तिसरीत तुटली. कोणी हसलं. कोणी ओरडलं, "चुकून राह्यले." उद्धवरावांनी डीजेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आन् लाइट गेली.

देवश्रीच्या बेसचा आवाज गेला, भार्गवची गिटार गेली. सगळा मांडव काळा. जनरेटरकडे पोरं पळाले. उद्धवराव अंधारातून म्हणाले, "झालं, उतरा खाली."

ढोलकीले कुठे लाइट लागते? मी वाजवतच राह्यली. पण काय सांगू, तो खालचा जाड आवाज गेला तशी पायाखालची जमीन गेल्यासारखी झाली. तो होता तवा मी त्याच्यावर उभी होती आन् मले पत्ताच नव्हता. आता माहा हात एकटा. आठवा ठोका बोटात येऊन बसला, असा बसला की तळहात दुखाले लागला. तेवढ्यात बाजूले बारीक टिकटिक ऐकू आली. देवश्रीची बोटं चालूच होती. बिनलाइटची तार, माह्याशिवाय कोणालेच ऐकू येत नसन. ती थांबली नव्हती. मंग मी कशी थांबू? मूठ आवळली आन् एकवर दिलं.

अंधारात लोक चूप झाले. पाहाले काही नसलं की माणूस ऐकते. मंग समोरून एक टाळी आली, एकवर. शकुबाईची. तिचा हात मी ओळखते. पुढच्या एकवर पुन्हा, आता आशाबाईही. बाकीच्या मात्रा सगळ्यायनं सोडून दिल्या आन् तेवढा एकच धरला. हळूहळू सगळी गल्ली एकवर टाळी देऊन राह्यली, आन् मधल्या सहा मात्रा सगळे चूप.

जनरेटर धडधडलं. दिवे आले. देवश्री एकवरच आली, एक केसभरही इकडेतिकडे नाही. तो आवाज पायातून वर आला, मांडवाचे खांब थरथरले, आन् मी मनात म्हटलं, आली बाई माही. उद्धवरावांचा हात डीजेवाल्याच्या खांद्यावरून केव्हा निघाला कोण जाणे. तेही एकवर टाळी देऊन राह्यले होते.

शेवट आमी ठरवलेला होता. सातावर संपवायचं, आन् मंग काहीच नाही. मी सातवा ठोका दिला आन् हात वरच धरला, घट्ट. सगळा मांडव चूप. मले माह्या हाताचा लय अभिमान वाटला.

तवा देवश्रीनं माह्याकडे पाह्यलं आन् सगळ्यात जाडी तार एकदा छेडली. एकच सूर. आठवा. एवढ्या दिवसात तिनं माह्या हाताचा जो एकदाही चालू दिला नव्हता, तो तिनं मले दिला, आन् मागायच्या आधी दिला.

मी तिथेच, सगळ्या गल्लीसमोर, ढोलकीवर डोकं टेकून रडली.