सोमवारची दोस्ती

तुम्ही आमच्या वस्तीत सोमवार सोडून दुसऱ्या कुठल्या वारी आला होता का? उत्तराची घाई करू नका. आधी माझ्या चुलतीची, पंचफुलाची गोष्ट ऐका. मी चौथी शिकलेला माणूस, फिरवून बोलायला मला येत नाही.

अहमदपूरच्या अलीकडं आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, तेव्हा गावातल्या लिंगायतांना अन् आम्हा बौद्धांना एकदमच कळलं की एकट्यानं निभावणं नाही. गावात संगप्पा होते. किराणा दुकान, कचेरीत ओळख, साहेबापुढं न अडखळता बोलणार. वस्तीत माझा चुलता केरबा. त्यानं हाक दिली की घरटी माणूस मोर्चाला उठायचा. संगप्पाची ओळख आणि केरबाची माणसं अशी मोट बांधली, तेव्हा कुठं गावाला पाझर तलावाचं काम मिळालं. दोन्हीकडच्या बाया एका ओळीत बसून खडी फोडायला लागल्या.

बैठक केरबाच्या ओट्यावर, दर सोमवारी. सोमवारच का, हे कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. सोमवारी संगप्पाचा आणि त्यांच्या मंडळींचा महादेवाचा उपास. पंचफुलानं चहा टाकू का म्हणून विचारलं की संगप्पा हात जोडायचे, "आज सोमवार हाय, वैनी." झालं. त्यांचा धर्म राहिला, आमचा मान राहिला. असली तडजोड दोन देशांच्या वकिलांनाही जमली नसती.

एकट्या पंचफुलाला ती कळली नाही. तिला तो उपास खराच वाटला. सोमवारी पाव्हणे उठेपर्यंत ती चूल पेटवत नसे. उपाशी माणसाच्या नाकाला वास कशाला, म्हणायची. घरचे कावायचे, पण ती ऐकत नसे.

मग एका सोमवारी तिनं कुंभाराकडून कोरं मडकं आणलं. पाव्हणे यायच्या आत भगर शिजवली, शेंगदाण्याची आमटी केली. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकर घशाखाली उतरत नव्हती, त्या दिवसांत ही भगर. बैठक उठायला आली तशी तिनं ताटली संगप्पापुढं ठेवली.

"आप्पा, उपासाचंच हाय. मडकं बी कोरं हाय."

संगप्पांनी ताटलीकडं पाहिलं, केरबाकडं पाहिलं. तोंडातली सुपारी गालात सरकवून म्हणाले, "आज निर्जळी हाय, वैनी." आणि चपला घालून निघाले.

पाव्हणे वेशीत पोचले नसतील, तोवर वस्तीनं पंचफुलाला धरलं. छप्पन साली आपण उपासतापास सोडले, अन् हिच्या चुलीवर भगर, म्हणून एका जाणत्यानं तिला झाडलं. केरबा म्हणाला, हे जमलेलं मोडलं तर खडी फोडायला नांदेडला जावं लागंल, तवा हात आवर. त्यांनी तिकडून नाकारलं, आम्ही इकडून. ती भगर तिनं चुलीकडं तोंड करून एकटीनं खाल्ली. पुढची बैठक पुन्हा सोमवारीच भरली.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आता उस्मानाबादचे हेलपाटे सरले म्हणून गावानं ट्रक केला, दोन्हीकडची माणसं एकाच ट्रकात. तो दिवसही सोमवार, त्यातून श्रावणातला. गंजगोलाईच्या गर्दीत पंचफुला पाणी शोधत फिरत होती. एका हॉटेलात संगप्पा पुरीभाजी खात बसलेले तिला दिसले. त्यांनाही ती दिसली. त्यांचा घास हातातच राहिला. पदर पुढं ओढून वळली आणि परतीच्या ट्रकात त्यांच्याकडं पाठ करून बसली.

"लाज त्याला वाटायची," ती मला म्हणाली, "तर मलाच वाटाय लागली."

त्याच आठवड्यात बुधवारी, भर दुपारी, संगप्पा वस्तीत आले. एकटे. अख्खी वस्ती बघत होती. दारात उभे राहून म्हणाले, "वैनी, भाकर दे."

दहा वर्षं जे व्हावं म्हणून ती झुरली, ते आपल्या पायानं दारात आलं होतं. तिचे हात पिठानं भरलेले, भाकर तव्यावर टाकलेली.

"आज माझा उपास हाय, आप्पा," ती म्हणाली. "चूल पेटली न्हाई."

तिच्यामागून धूर येत होता. संगप्पांनी धुराकडं पाहिलं, "बरं," म्हणाले, आणि गेले.

आमच्यात ही गोष्ट हसून सांगतात. मीही सभेत सांगतो आणि टाळ्या पडतात. पंचफुला मात्र कधी हसली नाही. संगप्पा पुन्हा आले नाहीत, बैठका बंद पडल्या. पुढं तलावाचा बांध फुटला, तेव्हा गावाचा अर्ज वेगळा गेला, वस्तीचा वेगळा. दोन्ही पडून राहिले. बांध अजून फुटकाच आहे.

एकदा सभेतून आलो तर ती दारातच बसलेली. टाळ्यांचा आवाज तिथवर आला होता.

"त्याचं खोटं लोकाला सांगतूस," ती म्हणाली, "माझं बी सांग. तो खोटं बोलला, ते त्याच्या लोकाच्या भ्यावानं. मी कुणाच्या भ्यावानं बोलले? तव्यावर भाकर होती, अन् भाकर मागणाऱ्याला मी उपाशी लावून दिलं."

एवढी भाषणं केली, पण त्या दिवशी मान वर झाली नाही.

आता तुमच्याकडं वळतो. मोर्चात तुम्ही आमच्या शेजारून चालता, जयंतीला हार घालता, आणि ताट पुढं आलं की आत्ताच जेवून आलो म्हणता. आमच्याकडं या, कुठल्याही वारी या, पण घरून जेवून येऊ नका. आणि आमच्यातलं कुणी रागानं तुम्हाला म्हणालं की आज चूल पेटली नाही, तर मागचा धूर बघा आणि दारातून हलू नका.