साडूकडची शिकवणी

माझ्या साडूचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शोधून काढायला नको.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुनावळ्याचा. बापजाद्यांची जमीन बिल्डरला गेली आणि हा दहाव्या मजल्यावर राहायला गेला. मी चाकणच्या पलीकडच्या खेड्यातला. एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागलो, मग स्टोअर सांभाळलं, मग मालकानं खरेदी माझ्याकडे दिली. वर्कशॉप लहान आहे, पण माझ्यासमोर रेट बोलताना भल्याभल्या सप्लायरला घाम फुटतो. माझा आवाज मोठा आहे, तोही उपयोगी पडतो.

गेल्या वर्षी चाकणच्या एका मोठ्या कंपनीत खरेदी विभागात एक जागा निघाली. एकच. कायमची नोकरी, न्यायला-आणायला बस, घरच्यांच्या दवाखान्याची सोय. मी चाळिशीला टेकलेलो, अशी जागा पुन्हा माझ्या वाट्याला येणार नव्हती. अर्ज केला. आठवड्याभरानं कळलं की साडूनंही केलाय. तो हिंजवडीत कॉम्प्युटरवर मालाचे तक्ते बघायचा. माल हातात घेतलेला त्याला मी कधी पाहिला नाही.

पहिली फेरी ऑनलाइन परीक्षेची. त्यात व्हर्बल रीझनिंग नावाचा प्रकार. एक उतारा द्यायचा, खाली काही विधानं. प्रत्येकापुढे खरं, खोटं किंवा सांगता येत नाही, यातलं एक निवडायचं. सरावाच्या पेपरात माझी निम्मी उत्तरंही बरोबर आली नाहीत. बायकोनं मला न विचारता बहिणीला फोन लावला. साडू म्हणाला, "पाठवून दे की त्यांना, त्यात काय!" ज्या जागेसाठी आम्ही दोघं भांडणार, तिची शिकवणी तो मला देणार. असा मोठेपणा करायला खिसा भरलेला लागतो.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते आणि तो त्या दिवशी घरून काम करायचा. म्हणून गुरुवार ठरला.

पहिल्याच उताऱ्यात होतं, की एका कारखान्यानं दुसरी शिफ्ट सुरू केली आणि नवीन माणसं घेतली. खाली विधान: कारखान्याच्या ऑर्डरी वाढल्या आहेत. मी 'खरं' निवडलं.

"चूक," साडू म्हणाला. "सांगता येत नाही."

"का नाही येत? ऑर्डर नसताना दुसरी शिफ्ट कोण चालवतं राव?"

"उताऱ्यात लिहिलंय का?"

"लिहायला कशाला पाहिजे? लाइटबिल काय हवेतून भरणार तो?"

स्वयंपाकघरातून मेहुणी हसली. "दाजी, तुम्ही पेपरशी पण भांडता!"

माझी खोट तिथंच होती. पंधरा वर्षं मी दुसऱ्यानं लिहिलेल्यावर आणि बोललेल्यावर विश्वास न ठेवता पोट भरलं. सप्लायर म्हणतो, "यात मला काहीच सुटत नाही," तेव्हा अजून सुटतंय असं धरून मी पुढं बोलतो. इथं मात्र कागदावर आहे तेवढंच धरायचं होतं. साडू न चिडता तेच तेच सांगायचा, "साडूभाऊ, तुम्हाला कारखान्यातलं काहीही माहीत नाही असं समजा." त्याचं न चिडणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं. पण जमायला लागलं.

चौथ्या गुरुवारी चहा पिताना तो सहज म्हणाला, "तुमचं काम एका अर्थी सोपं हो. आवाज चढवायचा, रेट उतरवायचा."

माझं डोकं फिरलं. "रेट कोण बोलतंय आधी? सप्लायरच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की पहिली लाल पेटी बघायची, रिजेक्शनची. बाद झालेला माल त्यात टाकतात. ती भरलेली असली की समजायचं, याचं मशीन धड नाही आणि बाद मालाचा खर्च यानं माझ्या रेटमध्ये घातलाय. मग रेट कमी कर असं म्हणायचंच नाही. म्हणायचं, तुझा बाद माल मी विकत घेणार नाही. बस. पुढचं तोच बोलतो."

त्यानं वही ओढली आणि लिहून घेतलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. दहाव्या मजल्यावरचा माणूस माझं बोलणं लिहून घेतोय, या खुशीत मी दुसरा चहा मागितला.

परीक्षेत आम्ही दोघंही पास झालो. मुलाखत एकाच दिवशी, त्याची माझ्या आधी. बाहेर येताना त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

आत एक बाई आणि एक साहेब होते. साहेबांनी विचारलं, "नवीन सप्लायरचा रेट बरोबर आहे की नाही, कसं ओळखाल?" याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. मी लाल पेटीचं सांगितलं. बाईंनी साहेबांकडे बघितलं आणि हसल्या.

"आत्ताच एकांनी हेच सांगितलं. पेटीच्या रंगासकट. तुम्ही लोकांनी एकच क्लास लावलाय का?"

"मॅडम, ते माझं आहे."

"असेल ना," साहेब म्हणाले आणि कागद उलटला.

"असेल नाही साहेब, आहे! पंधरा वर्षं या हातांनी पेट्या उपसल्यात मी!"

माझा आवाज एवढा चढला की दाराबाहेरच्या शिपायानं आत डोकावून बघितलं. त्यानंतर मला एकही प्रश्न आला नाही.

जागा साडूला मिळाली. देहूरोडला सासऱ्यांकडे सगळे जमलो. पेढे वाटता वाटता तो मुलाखत रंगवून सांगत होता. "मी म्हटलं, मी तर आधी रिजेक्शनची पेटी बघतो. दोघंही खूश!"

"वा! असं डोकं लागतं," सासरे म्हणाले.

बायकोला सगळं माहीत होतं. तिनं मला कोपरानं ढोसलं. "बोला ना."

साडू माझ्याकडे वळला. "तुम्हाला काय विचारलं हो आत?"

"असंच. इकडचं तिकडचं."

मी बोललो असतो तर त्यानं कपाळाला हात लावला असता, सगळ्यांसमोर हात जोडले असते आणि म्हणाला असता, हे सगळं साडूभाऊंचंच आहे. मनापासून म्हणाला असता. माणूस तसाच आहे. मग सासरे म्हणाले असते, बघा, किती मोठं मन! जागा त्याला गेली होती, पेटी गेली होती. वर हेही त्याला द्यायचं? मी पेढा तोंडात टाकला.